रोडग्यांसाठी राजीनामा

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, चिखलीतल्या एका सरकारी कार्यालयातील वरिष्ठ सहायकाने नोकरीचा राजीनामा दिला. सेवा सतरा वर्षे. अर्जात कारण म्हणून 'व्यक्तिगत' एवढाच शब्द होता. खरे कारण रोडगे हे होते. हा सहायक माझा मोठा भाऊ, आणि अर्ज मी लिहून दिलेला.

शेवटच्या वाक्याचा खुलासा आधी करतो, कारण घरात अजून त्याचाच विषय निघतो. मी बुलढाण्यात एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक आहे. त्यामुळे घरातले सगळे अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर आणि श्रद्धांजल्या माझ्याकडे येतात. आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला.

"एक अर्ज लेहून दे. चार ओयीचा. पन गोड पाह्यजे."

"कायचा?"

"राजीनाम्याचा."

"कोनाच्या?"

"तुह्या असता तं मी काऊन फोन केला असता बे?"

पहिला खर्डा त्याला कोरडा वाटला, दुसरा रडका. तिसरा त्याने नेला. सोमवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, अर्ज तुम्ही लेहून देल्ला?"

"हो."

"अन् मले इचारलं बी नाही."

"मले वाटलं, दादानं सांगतलं असन."

"पेपरात बी असंच छापता का? वाटलं म्हून?"

फोन तिनेच ठेवला.

रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा मुठीएवढा गोळा. आत थर असतात, थरांना तेल लावलेले असते. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, ज्वाळा बसल्या की निखाऱ्यांवर रोडगे भाजायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. तासा-सव्वातासाने काढून फडक्याने पुसायचे. सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी. हा स्वयंपाक घरात होत नाही. शेतात, झाडाखाली होतो, आणि बहुतेक वेळा पुरुष करतात. वर्षभर ज्याने चहाची कपबशी उचलून ठेवलेली नसते, तो माणूस त्या दिवशी बाह्या वर करून बसतो. इतर पुरुष त्याच्याभोवती उभे राहतात आणि तो कुठे चुकतो ते सांगतात.

दादाच्या धंद्याची अडचण इथेच होती. आमच्या भागात प्रत्येक कर्त्या पुरुषाची समजूत आहे की रोडगे करावेत तर आपणच. अशा मुलखात रोडगे करून विकण्यासाठी त्याने नोकरी सोडली.

हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला, याबद्दल दोन मते आहेत. वहिनीच्या मते तो लग्नाआधीपासून होता आणि तिच्यापासून लपवला गेला. दादाच्या मते तो जुन्या पेन्शनसाठी झालेल्या संपात आला. संपकरी मंडपात बसले होते. तिसऱ्या दिवशी घोषणा संपल्या आणि भूक लागली. दादाने मंडपाच्या मागे गोवऱ्या रचल्या. चौथ्या दिवशी इतर कार्यालयांतले कर्मचारी जेवणाच्या वेळी संपात सहभागी होऊ लागले. पाचव्या दिवशी बंदोबस्तावरचे दोन पोलीसही पानावर होते. संपाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. दादाच्या लक्षात मात्र एवढेच राहिले, की सतरा वर्षांत आपल्या टेबलासमोरून एकही माणूस एवढा समाधानाने उठून गेला नव्हता.

राजीनाम्याची बातमी कार्यालयात दुपारपर्यंत आणि गावात संध्याकाळपर्यंत पोचली. जो भेटेल तो एकच सल्ला देत होता: आणखी तीन वर्षे थांब, वीस होतील, स्वेच्छानिवृत्ती घे, मग रोडगे कर की जिलेबी.

"तीन वर्षांनी माहे गुडघे चुलीपाशी बसाले तयार राहतीन का?" दादा म्हणायचा.

"आता कुठी तयार हायेत?" वहिनी आतून म्हणायची.

वहिनीचा आक्षेप समजून घ्यायला हवा. तिच्या माहेरी दोन स्थळे आली होती. एकाची बारा एकर बागायती होती, दुसऱ्याची नोकरी होती. तिच्या वडिलांनी नोकरी निवडली. "माह्या बापानं मले नोकरीले देल्ली होती," ती मला म्हणाली. "तुमचे भाऊ तिच्यासंगं आले. आता नोकरी चालली, अन् भाऊ राहून राह्यले." मी तिला धीर देण्यासाठी म्हणालो, की मीसुद्धा कधीकधी नोकरी सोडायचा विचार करतो. ती म्हणाली, "तुमच्या नोकरीचा तं राजीनामा बी देता येत नाही, भाऊजी. हापिसात तुम्ही एकलेच. देसान कोनाले?"

राजीनाम्याची मुदत एक महिन्याची होती. तेवढ्या काळात अर्ज मागे घेता येत होता. चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणावर वहिनीने अट घातली. ताटात रोडगेच होते. सोमवारपासून दादा सराव करत होता.

"दोनशे मानसायचा सयपाक करून दाखवा. घरच्या कोनाचा हात लागला नाही पाह्यजे. माहा नाही, पोरीचा नाही, भाऊजीचा नाही. एकही मानूस उपाशी गेला नाही, तं मी जल्मात एक शब्द बोलनार नाही. अन् एक जरी उपाशी गेला, तं सोमवारी सकायी अर्ज मागं."

"दोनशे?" दादाने विचारले.

"काऊन, कमी सांगतले का?"

"मोजनार कोन?"

"भाऊजी मोजतीन. त्याईले गर्दीचे आकडे फुगवाची सवय हाय, पन या खेपी खरे सांगतीन."

दादाने अट मान्य केली. दिवस तिथून तिसरा रविवार ठरला. जागा गावाकडचे आमचे शेत. मेहकर रस्त्यावरून आत वळले की कडुनिंबाचे झाड दिसते, तेच. एका बाजूला तूर उभी होती, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची वांगी.

दोनशे हा आकडा दादाने गावावर बरोबर बसवला. गावात एकशे नव्वद उंबरे. घरटी एक माणूस बोलावला की एकशे नव्वद होतात, वर दहा पाहुणे. कार्यालयात अंदाजपत्रके तपासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे त्याचे सहकारी सांगतात.

इथे आवतणाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमच्या गावांत जेवणाचे आवतण तोंडी जाते. ते सांगणारा माणूस ठरलेला असतो. तो दारात उभा राहून कोणाकडे, कधी आणि कसे ते सांगतो. 'कसे' याचे दोन प्रकार. 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एक जण. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. तान्ह्या लेकरापासून आल्या-गेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांनी यायचे. चूलबंद आवतण असताना एखाद्या घरातून धूर निघाला, तर तो यजमानाचा अपमान समजतात.

आमच्या गावात हे काम एक म्हातारे गृहस्थ करतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. दादाने शनिवारी सकाळी त्यांना बोलावून सांगितले, "घरटी एक." मी तिथे होतो. दादाने दोनदा सांगितले. आबांनी दोनदा मान हलवली.

रविवारी दादा पहाटे चार वाजता शेतात पोचला. चिखलीहून मजुरीवर आणलेले तीन जण सोबत होते. वहिनी नऊला आली आणि निंबाखाली खाट टाकून बसली. हात पदरात. कोणी तिला साधे फडके मागितले तरी ती माझ्याकडे बघून मान हलवायची. साडेदहाला साडेसहाशे रोडगे राखेत होते. माणशी तीन, वर पन्नास. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वरणाला उकळी आली होती. वास रस्त्यापर्यंत जात होता. दादा निखारे सारताना शीळ घालत होता, असे मी टिपून ठेवले आहे.

अकराला पहिले कुटुंब आले. सात माणसे, त्यात एक पाळण्यातले. मला वाटले, शेतावर चालले असतील. मग ट्रॅक्टरची ट्रॉली आली. तीत पुरुष पुढे आणि बायका-पोरे मागे. मग पायवाटेने रांग लागली. म्हाताऱ्यांना हाताला धरून आणले होते. एका घरी आदल्या रात्री जावई आला होता. तोही आला, त्याचे दोन मित्रही आले. शेवटी खुद्द आबा आले. सोबत त्यांच्या दोन लेकी, नातवंडांसह.

दादा राखेच्या ढिगापासून उठून त्यांच्यापर्यंत चालत गेला.

"आबा, घरटी एक सांगतलं होतं ना?"

"हाव."

"मंग तुम्ही काय सांगतलं?"

"चूलबंद."

"काऊन?"

"रोडग्याले घरटी एक?" आबांचा आवाज चढला. "तुह्या बापानं कवा सांगतलं होतं का? अरे, मले सांगाले लाज वाटली. पयल्या दारात तोंड उघडलं, अन् शब्द निघेच ना. गावात तुमच्या घरची इज्जत गेली असती लेका. म्या वाचवली." मग त्यांनी गंजाकडे पाहिले. "वरन झालं का?"

वहिनीने खाटेवरून विचारले, "भाऊजी, किती हायेत?"

मी म्हणालो, अजून येत आहेत.

रिवाजाप्रमाणे पुरुषांच्या पंगती आधी बसल्या. पहिल्या पंगतीत चौऱ्याहत्तर, दुसरीत एक्क्याऐंशी. रोडगे चांगले झाले होते, आणि तीच अडचण होती. तीनचा हिशेब कोणी पाळला नाही. 'आग्रह करू नका' असे दादाने वाढणाऱ्यांना कानात सांगितले. वाढणारे चिखलीचे असले तरी वऱ्हाडातलेच होते, त्यांना ते जमले नाही. तिसरी पंगत पत्रावळी मांडून बसली तेव्हा राखेत शंभराच्या आसपास रोडगे उरले होते. बांधावर बायका आणि लेकरे बसली होती. ती मी मोजली. सव्वातीनशेच्या वर होती. एरवी जेवण संपले तर बायका घरी जाऊन पिठले टाकतात आणि कोणाला काही बोलत नाहीत. आज घरी जाऊनही चूल पेटवता येत नव्हती.

"एक नाही," वहिनी म्हणाली. "आज सव्वातीनशे उपाशी जातीन. सोमवारी कायले, आताच फोन करा साहेबाले."

दादाने कानावरची पेन्सिल काढली, खिशातले एक जुने पाकीट काढले आणि त्याच्या पाठीवर काहीतरी लिहू लागला. मला वाटले, अर्ज मागे घेण्याचा मजकूर लिहितो आहे. मग तो तिसऱ्या पंगतीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने जे केले, ते आमच्या गावात आधी कोणी केल्याची नोंद नाही.

"उठा," तो म्हणाला.

एका वयस्क गृहस्थांनी पत्रावळीवर हात ठेवला. "पानावरून उठवतं का बे?"

"हाव काका. पान तसंच राहू द्या, त्याच्यावर बाया बसतीन. आज चूलबंद होतं ना? मंग सकायची कनीक घरी डब्यात तशीच हाय. ज्याले रोडगे जमतात, त्यानं घरून कनीक आनावी अन् इथं बसून करून दाखवावे. ज्याले जमत नाहीत, त्यानं बसून राहावं."

बसून कोणी राहिले नाही.

पुढच्या पंचवीस मिनिटांत गावातून गंज, टोपली, डबे, एक बादली आणि एक नवी कोरी परात भरून कणीक आली. गोवऱ्या डोक्यावरून आल्या. शेजारच्या वांग्यांचे मालक पहिल्या पंगतीत जेवलेले होते. त्यांनी कोणाला न विचारता स्वतःचे दोन वाफे तोडून आणले. उठवलेल्या पंगतीतले शंभर आणि जेवून बसलेल्यांपैकी साठ-सत्तर, असे गावातले जवळजवळ सगळे रोडगेतज्ज्ञ एका जागी जमले. लगेच मतभेद सुरू झाले. कणीक सैल आहे. कणीक घट्ट आहे. ओवा कुठे आहे. ओवा कोणी टाकला.

दादाने पाकीट निंबाच्या खोडाला काट्याने टोचले. त्यावर कामवाटप होते. कणकेबद्दल ज्याची सर्वांत जास्त तक्रार, तो कणकेवर. आगीबद्दल बोलणारे आगीवर. थर कसे द्यावेत हे सांगणारे पाच जण होते, त्यांना पाच ठिकाणी बसवले. खाली सूचना होती: सल्ला द्यायचा असल्यास आपापल्या जागेवरून द्यावा. मघाचे काका राखेच्या ढिगाजवळ येऊन म्हणाले, "अरे, हे उलटे पाह्यजेत."

"अर्ज द्या काका, पाहतो," दादा मान वर न करता म्हणाला.

सतरा वर्षे हे वाक्य तो टेबलामागून म्हणत आला होता. लोक ते ऐकून हसल्याची ही पहिलीच वेळ असावी.

उरलेल्या शंभर रोडग्यांवर आधी लेकरे आणि म्हाताऱ्या बसल्या. एकीला अर्धा, एकाला पाव, पण बसल्या. तोवर नव्या गोवऱ्यांच्या ज्वाळा खाली आल्या होत्या. वरण मात्र वाढेना. चिखलीच्या तिघांपैकी एकाने त्यात दोन बादल्या पाणी ओतले. वहिनी खाटेवरून उठली. गंजापासून दोन हातांवर येऊन थांबली आणि माझ्याकडे वळली.

"भाऊजी, सांगनं म्हंजे हात लावनं होते का?"

मी पंच होतो. विचार करून सांगितले, की अटीत फक्त हाताचा उल्लेख आहे.

"मंग सांगते. अहो, वरनात मीठ टाका. चिंच टाका. पानी टाकलं तं टाकलं, पन चव काऊन पातय करता?"

दादाने मीठ टाकले. चिंच टाकली. मग चमचाभर वरण वाटीत घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. चाखणे म्हणजे हात लावणे होते का, हे दोघांपैकी कोणी मला विचारले नाही. तिने चाखले आणि म्हणाली, "आनखी थोडं."

शेवटची पंगत पावणेपाचला उठली. बायकांच्या दोन पंगती झाल्या, उठवलेल्या पुरुषांची त्यानंतर झाली. त्यांनी स्वतःच केलेले रोडगे खाल्ले आणि पहिल्या पंगतीपेक्षा हे सरस असल्याचे एकमताने सांगितले. पहिल्या पंगतीतल्यांना हे मान्य नाही. वाद अजून चालू आहे. वरण पातळ होते, भाजीला तिखट जास्त होते आणि एका रोडग्यात गोवरीचा कण निघाला, एवढ्या तक्रारी माझ्याकडे नोंदवल्या आहेत.

मी पत्रावळी मोजल्या. माणसे पांगली होती. आबा लेकी-नातवंडांसह ट्रॉलीत बसून गेले. जाताना त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "पाह्यलं? घरटी एक सांगतलं असतं तं मजा नसती आली." निंबाखाली आम्ही तिघेच उरलो. दादा राखेच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. वहिनी समोर उभी राहिली.

"भाऊजी, किती झाले?"

"पाचशे त्र्याऐंशी जेवले."

"अन् उपाशी?"

मी गंजाकडे पाहिले. गंज खरवडून पुसलेले होते. राखेत हात घालून पाहिले. परात धुतलेली होती. आकडा चुकवणे शक्य नव्हते.

"एक," मी म्हणालो.

"कोन?"

"दादा."

सकाळी चारपासून त्याने चहाशिवाय काही घेतले नव्हते. दादाने फडक्याने हात पुसले. त्याचा आवाज अगदी कार्यालयीन होता.

"शर्त म्हंजे शर्त. एक म्हंजे एक. उद्या सकायी जातो अन् मागं घेतो."

तो उठायला लागला. गुडघ्यांनी दोनदा आवाज केला. वहिनीने घड्या केलेल्या पत्रावळींचा ढीग पाहिला, विझत आलेल्या गोवऱ्या पाहिल्या.

"आचारी कवा पंगतीत मोजतात का?" ती म्हणाली. "जेवनारा उपाशी गेला नाही पाह्यजे, अशी शर्त होती माही. करनाऱ्याचं मी काई बोलली नव्हती." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तो एक खोडा."

मी खोडला.

ती पायवाटेने घराकडे गेली. थोड्या वेळाने आमच्या घरावरून धूर निघाला. भाकरी आणि ठेचा. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी गावात पेटलेली ती एकमेव चूल.

इथे हकीकत संपली असती, पण मुदत संपायला अजून बारा दिवस होते. या दिवसांत दादा रोज वेळेवर कार्यालयात गेला. त्याच्या साहेबांनी अर्ज मंजूर न करता टेबलाच्या खणात ठेवला होता. ते रोज दुपारी विचारायचे, "मग, काय ठरलं?" दादा म्हणायचा, "ठरलेलंच आहे साहेब." पण खणाकडे बघायचा. हे साहेबांनीच मला सांगितले.

बघण्याचे कारण होते. गावजेवणाची कीर्ती पसरली, पण ती विचित्र रीतीने पसरली. गावातले किमान सात जण छातीवर हात ठेवून सांगत होते की त्या दिवशीचे रोडगे मुळात आपण केले. दादाला पहिली मागणी हिवरा आश्रमाजवळच्या एका घरातून आली. नवसाचे जेवण, ऐंशी माणसे. तीन दिवसांनी ती रद्द झाली. यजमानांनी फोनवर कळवले, की त्यांनी घरीच एक-दोनदा करून पाहिले आणि चांगले जमले. दादाने त्यांचे अभिनंदन केले. त्यानंतर आठवडाभर फोन वाजला नाही. ज्या सात जणांनी मुळात रोडगे केले होते, त्यांनाही कोणी बोलावले नाही.

वहिनी या काळात काहीच बोलली नाही. शब्द दिला होता. तिच्या गप्प राहण्याने दादा जेवढा खचला, तेवढा तिच्या बोलण्याने कधी खचला नव्हता. मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. दादाने चहा अर्धा ठेवला.

"मागं घेऊ का?"

"मले काऊन इचारता?" वहिनी म्हणाली. "मी जल्मात एक शब्द बोलनार नाही म्हटलं होतं."

"मंग आता बोलून राह्यली ते काय हाय?"

"हे लय शब्द झाले. एक नाही."

दादा हसला नाही. ती उठून दिव्याजवळच्या फळीवरून मुलीच्या वहीचे एक पान घेऊन आली. त्यावर पेनाने एक फोन नंबर, एक वार आणि एक आकडा लिहिलेला होता.

"सोनाळ्याहून फोन आलता. तुम्ही सकायी आंघोयीले होते. कोनी मास्तर रिटायर होऊन राह्यले तिथं. साठ मानसं. त्याईनं इचारलं, येता का. मी हाव म्हटलं."

"सोनाळा?" दादा म्हणाला. "जिल्ह्याच्या त्या टोकाले? गोवऱ्या काय एसटीत न्यायच्या का?"

"ते मले काय माईत. धंदा तुमचा हाय. मी फक्त हाव म्हटलं."

"मले न इचारता?"

"भाऊजीनं अर्ज लेहून देल्ला तवा मले कोनी इचारलं होतं?"

दादाने पानाकडे पाहिले. मग चहा संपवला. मग म्हणाला, की साठ माणसांना दोनशे रोडगे पुरतील. वहिनी म्हणाली, "तीनशे. अन् कोनाले आवतन सांगाले लावू नका."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कार्यालयाने त्याला निरोपाचे जेवण दिले. ठिकाण आमचे शेत. आचारी तोच, कारण त्या दिवशी दुसऱ्या कोणाला सांगणे बरे दिसले नसते. दुपारी दोनच्या सुमारास साहेब कार्यमुक्तीचा आदेश घेऊन राखेच्या ढिगापर्यंत आले. दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. आदेश वहिनीने घेतला. कार्यालयाच्या प्रतीवर पोच म्हणून तिची सही आहे.